आधी वरचा वॉल

त्या उन्हाळ्यात नदी पार तळाला गेली आणि गावातला जो तो दुसऱ्याच्या नळाकडे बघायला लागला. एरवी शेजारणीच्या दोरीवर काय वाळत घातलंय यावर असणारी नजर आता तिच्या बादल्यांवर गेली. कुणाच्या अंगणात ओल दिसते, कुणाची म्हैस धुतलेली वाटते, कोण भरल्या कळशीवर फडकं टाकून घाईघाईनं आत नेतं, सगळं लोक मनात टिपून ठेवत. आणि फिरून फिरून बोट यायचं ते वॉलमनवर.

वॉलमन म्हणजे टाकीचं पाणी आळ्यांना सोडणारा. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणं होती, झाकणाखाली खड्डा आणि खड्ड्यात वॉल. माणसाच्या छातीएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली चावी खड्ड्यात घालायची आणि अंगाचा भार टाकून फिरवायची, असं ते काम. म्हातारा हे तरुणपणापासून करत होता. चावी धरून धरून त्याचे तळहात चपलेच्या तळासारखे झाले होते आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. पाणी सोडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला शिकवलं नव्हतं. त्याचं घर होतं खालच्या आळीत. वरच्या आळीच्या मते पाणी मुरत होतं ते नेमकं इथंच.

"आधी स्वतःच्या आळीला सोडतो," वरच्या आळीच्या बायका म्हणत. "उरलंसुरलं आमच्या नशिबाला."

पाणी समितीचा सचिव नवा होता, शहरातून बदलून आलेला. तोंडी काही ऐकायचं नाही असा त्याचा बाणा होता. त्यानं वॉलमनला कचेरीत बोलावलं, पण बस म्हटलं नाही. समोर खुर्ची रिकामी होती, तिच्यावर फायली ठेवलेल्या होत्या. म्हातारा चावी हातात घेऊन उभा राहिला.

"काका, ती बाहेर ठेवा ना. फरशी फुटेल."

म्हाताऱ्यानं चावी बाहेर भिंतीला टेकवली आणि आत आला. पण त्याचा एक डोळा दारातून चावीवरच होता.

"तुम्ही पाणी कसं सोडता ते सभेत दाखवा," सचिव म्हणाला. "स्लाइड करून, भिंतीवर. टाकी कुठं, वॉल कुठं, आधी कुठला, मग कुठला. लोकांच्या शंका एका झटक्यात फिटतील."

"तोंडानं सांगतो की."

"तोंडानं कुणीही काहीही सांगतं. नाही दाखवलं तर लोक म्हणतात तेच मला खरं धरावं लागेल. मग चावी दुसऱ्याच्या हातात जाईल, माझा नाइलाज आहे."

घरी येऊन म्हाताऱ्यानं चावी कोपऱ्यात उभी केली आणि गटागटा पाणी प्यायला. "मी वॉल कसा फिरवतो ते भिंतीवर दाखवायचंय म्हणे," तो म्हणाला.

"भिंतीला कुठला आलाय वॉल?" म्हातारी म्हणाली.

मुलगा हसला. तो टेम्पो चालवायचा आणि चार गावं हिंडत असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज होता. "अगं आई, संगणकावर चित्रं करतात. एकामागून एक येतात. मी आणतो कुणाकडून तरी करून."

"कुणाकडून?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मुलगा नखं बघायला लागला.

सून भांडी विसळत होती, म्हणजे भांड्यांवरून ओलं फडकं फिरवत होती, कारण विसळण्याइतकं पाणी नव्हतंच. ती तिथूनच म्हणाली, "शाळेत संगणकाच्या बाई आहेत. दुपारी खोली मोकळी असते. मी जाऊन शिकू का, आबा?"

सून काही बोलली की त्या घरात आधी सगळे सासूकडे बघत. म्हातारीनं तोंड वाकडं केलं, पण दुसरा उपाय तिलाही सुचेना.

संगणकाची खोली पत्र्याची होती आणि दुपारी तव्यासारखी तापायची. संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणं होती आणि आवरणांवर धूळ. बाई वाळक्या अंगाच्या, खांद्यावर एक पंचा टाकलेला. त्यांनी आवरण काढलं, पंच्यानं पडदा पुसला आणि सुनेला स्टुलावर बसवलं.

"माउस इतका आवळून धरू नकोस. तो काही पळून जात नाही."

बाण इकडं म्हटलं की तिकडं जायचा. पडद्यावर पांढरं पान आलं. त्यात एक चौकट होती आणि चौकटीत लिहिलं होतं, मथळ्यासाठी इथं क्लिक करा. तिनं क्लिक केलं आणि बराच वेळ एकेक अक्षर शोधत 'पाणी' एवढं लिहिलं. पडद्यावर स्वतः लिहिलेला शब्द बघून तिला इतका आनंद झाला की ती मागं टेकायला गेली आणि स्टुलाला पाठ नाही हे विसरून पडता पडता वाचली.

बाईंचे नियम ठरलेले होते. एका पानावर एकच गोष्ट, कारण भिंतीवर निबंध कुणी वाचत नाही. अक्षर एवढं मोठं की शेवटच्या रांगेतल्या आजीला दिसावं. नवीन पान कसं घ्यायचं, त्यात फोटो कसा घालायचा, फोटोच्या कडेचं नको ते कसं कापायचं, हे सगळं त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. डाव्या बाजूला सगळी पानं लहान होऊन एकाखाली एक दिसत. त्यातलं एक बोटाखाली धरून वर ओढलं की वर जायचं आणि खाली सोडलं की खाली. हे तिला फार आवडलं. अक्षरं उडत उडत येतात हे कळल्यावर तर तिनं सगळ्याच पानांवर ती उडवली.

"लग्नाची पत्रिका करतेयस का?" बाई म्हणाल्या. "काढ ते. पाण्याच्या भांडणात अक्षरं नाचली तर लोक मारतील तुला."

आणि मग शेवटचा नियम. "आधी सेव्ह, मग श्वास. लाइट कधी जाईल सांगता येत नाही."

सुनेनं मान हलवली, पण मनावर घेतलं नाही. नेमकी त्या दुपारी वीज गेली आणि पडदा काळा झाला. परत आली तेव्हा तिच्या पानांचा मागमूस नव्हता. ती रडवेली होऊन घरी गेली. त्यानंतर मात्र एक अक्षर लिहिलं तरी ती सेव्ह करायची.

घरी संगणक नव्हता. मग तिनं पुठ्ठ्याचा खोका फाडून त्याचे तुकडे केले. एकावर टाकी काढली, एकावर वॉल, आणि जमिनीवर मांडून ती ते सरकवत बसे. एका तुकड्यावर तिनं नुसती चौकट काढली होती आणि तिच्यात दोन गोल.

"हे काय?" म्हाताऱ्यानं एकदा न राहवून विचारलं.

"बंद करताना मशीन विचारतं, आबा. केलेलं ठेवू का? डावीकडचं दाबलं की राहतं. हे शेजारचं दाबलं की गेलं."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे आधी जसं होतं तसंच. मधे केलेलं सगळं पुसलं."

म्हाताऱ्यानं त्या दोन गोलांकडं बराच वेळ बघितलं. मशीन विचारून पुसतं, माणसं न विचारता पुसतात, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि तो उठून बाहेर गेला.

खालच्या आळीचा दुकानदार गिऱ्हाईक नसलं की शंका विकायचा. "वॉलमन, सुनेला शाळेत घातलंस म्हणे," तो म्हणाला.

"सभेसाठी करतेय काहीतरी."

"कर म्हणावं. पण माझ्या मेव्हण्याच्या गावी काय झालं माहितीये? तिथं एक दूध मापणारा होता. बोट बुडवून दुधात पाणी किती ते सांगायचा. त्याच्याकडून सगळं गोड बोलून काढून घेतलं, यंत्रात घातलं आणि म्हणाले, काका, आता घरी बसा." त्यानं तराजूचं पारडं पुसलं. "अरे, तुझ्या डोक्यात आहे तोवर तुझ्या पोटात आहे. एकदा भिंतीवर गेलं की शेंबडं पोरही वॉल फिरवील."

"सून घरचीच आहे."

"घरचीच आहे. पण त्या सचिवानं तिला काय कबूल केलंय, तुला माहितीये का?"

म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट माणसाला माहीत असलेल्या गोष्टीपेक्षा जास्त बोचते. घरी आल्यावर म्हातारीनं त्यात भर घातली.

"हल्ली केस विंचरून जाते हो ती. आणि काल सचिव शाळेत आला होता म्हणे."

"कशाला?"

"मला काय सांगून आला होता? पण आला होता."

हे मुलाच्याही कानावर गेलं. त्यानं दुसऱ्या दिवशी टेम्पो शाळेमागच्या झाडाखाली लावला आणि चवड्यांवर उभं राहून खिडकीतून डोकावला. आत त्याची बायको पडद्याला नाक लावून बसली होती आणि बाई टेबलावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. एवढंच दृश्य होतं. तरी तो बघत राहिला, कारण आल्यासरशी काहीतरी सापडायला हवं होतं. बाईंना जाग आली.

"काय हवंय?"

"काही नाही. टेम्पोत घालायला पाणी हवं होतं."

"या गावात? पाणी?" बाई म्हणाल्या, आणि बायकोनं वळून बघितलं. मुलगा घामाघूम होऊन निघाला. त्या दिवशी जेवताना नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत.

फोटो काढायला सून म्हाताऱ्याबरोबर गेली. तो पुढं चावी खांद्यावर टाकून आणि ती मागं मोबाइल धरून. आधी टाकी, मग वरची आळी. वरच्या आळीत एक बाई दारातून धावत आली आणि नळाशेजारी पडलेल्या पोत्यावर जाऊन उभी राहिली.

"कशाला फोटो काढतेस? आमच्या घराचा कशाला?"

"घराचा नाही हो काकू, खड्ड्याचा."

पोत्याखालून घर्र घर्र आवाज येत होता. नळातून पाणी ओढायची ती चोरटी मोटार होती, आंधळ्यालाही कळावी अशी.

"ते काय वाजतंय?" सुनेनं विचारलं.

"मांजर झोपलंय," बाई म्हणाली आणि पोत्यावरून हलली नाही.

खालच्या आळीतला वॉल घरासमोरच होता. म्हाताऱ्यानं झाकण उचललं, सुनेनं फोटो काढला. मग तिनं वहीचा कागद गुडघ्यावर धरला. "आबा, आता क्रम सांगा. आधी कुठला सोडता?"

ऊन डोक्यावर होतं. चावीचा दांडा हाताला चटका देत होता. म्हाताऱ्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. त्यात त्याला काही दिसलं नाही, आणि काही दिसलं नाही म्हणूनच त्याला भीती वाटली. एवढी वर्षं सकाळी उठून जे केलं ते एका प्रश्नात मागायचं, तेही पेन्सिल हातात धरून! दुकानदाराचा दूध मापणारा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

"आधी खालचा," तो म्हणाला.

"खालचा?"

"खालचाच. मग वरचा. लिही."

तिनं लिहिलं. म्हाताऱ्याला बरं वाटलं. आपण काही तिची वाट अडवली नाही, फक्त दाराची एक कडी आतून लावून घेतली, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

मोबाइलवरचा फोटो मात्र म्हातारीनं हिसकावून बघितला. खड्ड्यापाशी तिचीच तुटक्या कानाची बादली होती, वॉलच्या गळतीखाली लावलेली.

"हे सभेत दाखवणार? अगं, गाव शेण घालेल तोंडात!"

"कडेचं कापता येतं, आई."

"मग काप. आत्ताच्या आत्ता काप." आणि जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "माणसंही कापता येतात का गं?"

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता, भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. वरची आळी एका बाजूला बसली, खालची दुसऱ्या. मधे कुणी बसेना, त्यामुळे तिथं चपला ठेवल्या होत्या. उकाड्यानं आणि घामाच्या वासानं जीव नकोसा झाला होता. सचिव खुर्चीवर बसला. म्हातारा दारापाशी उभा राहिला, चावी घेऊन. या वेळी ती बाहेर ठेव म्हणायला कुणी आलं नाही.

सून शाळेच्या लॅपटॉपपाशी बसली, शेजारी बाई. तिनं बटण दाबलं आणि चादरीवर अक्षरं आली: गावाचं पाणी. त्याखाली लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'माहिती देणारे: आमचे आबा'. आणि चावी खांद्यावर टाकून पाठमोरा चाललेला म्हातारा होता. तो फोटो तिनं कधी काढला, त्याला कळलंही नव्हतं.

लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. आपण हिला कुठल्या तोंडानं फसवलं, असं म्हाताऱ्याला झालं. थांब म्हणावं असं त्याच्या मनात आलं, पण तोंड उघडेपर्यंत टाकी येऊन गेली होती.

मग चादरीवर खालच्या आळीचा वॉल आला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'आधी'.

वरच्या आळीतून एकच गलका उठला.

"बघा! बघा! आधी खालचाच!"

"स्वतःच्या सुनेनं लिहून दिलं!"

"आम्ही ओरडत होतो ते हेच. आमच्या नळाला हवा आणि यांच्या अंगणाला पाणी!"

म्हाताऱ्याला आता कळलं आपण काय करून बसलो ते. चावी लपवायला गेला आणि चोरीचा कबुलीजबाब देऊन बसला. तिकडं सुनेचा चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा पडला होता. ती त्या अक्षरांकडं बघत होती आणि तिला सगळं एकदम उमगत होतं.

सचिव उठला. "हा क्रम तुम्हाला कुणी सांगितला?"

तिनं अंधारात म्हाताऱ्याला शोधलं. त्यानं मान खाली घातली. म्हातारी पदराच्या टोकाशी चाळा करत होती, मुलगा पायाखालची फरशी बघत होता.

"माझी चूक झाली," सून म्हणाली. "पानं मागंपुढं झाली माझ्याकडून."

"चूक कसली? खरं बाहेर पडलं!"

"शिकायला जात होती की मिरवायला?"

पोत्यावर उभी राहिलेली बाईही उठून उभी राहिली. "गावभर फोटो काढत हिंडत होती. मला तेव्हाच संशय आला होता!"

सगळे हसले. सून हसणाऱ्यांकडं बघत तशीच बसून राहिली. माउस तिनं पहिल्या दिवसासारखा आवळून धरला होता.

म्हातारा पुढं निघाला. चपलांच्या ढिगात त्याचा पाय अडखळला, चावी फरशीवर आपटली आणि मोठा आवाज झाला. तो चादरीपुढं जाऊन उभा राहिला. वॉलचं चित्र त्याच्या सदऱ्यावर पडलं आणि 'आधी' हा शब्द त्याच्या कपाळावर.

"ती चुकली नाही," तो म्हणाला. "मी तिला खोटं सांगितलं."

"का?" सचिवानं विचारलं.

"मला वाटलं, हे शिकून घेतील आणि माझी चावी काढून घेतील. पोरीनं मी सांगितलं तसं लिहिलं. लाज मला वाटायला पाहिजे, तिला नाही." तो वरच्या आळीकडं वळला. "आधी वरचा. रोज आधी वरचा. खालचा आधी सोडला तर पाणी उतारानं निघून जातं आणि तुमचे नळ नुसते खोकतात. सांगा, सकाळी तुमचे नळ खोकतात का?"

वरच्या आळीतून मागून एक आजी म्हणाली, "खोकत नाहीत बाबा. थोडं येतं, पण सरळ येतं."

"थोडं का येतं, ते पोत्याखालच्या मांजराला विचारा."

यावर खालची आळी इतकी हसली की चादर हलली. पोत्यावाली बाई मटकन खाली बसली.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "ते वरचं पान वर घे."

सुनेनं चादरीभर पसरलेलं पान बंद केलं. डाव्या बाजूला लहान लहान पानं दिसायला लागली. तिनं वरच्या आळीचं पान धरलं आणि सगळ्यांच्या देखत वर ओढून सोडलं. 'आधी' आणि 'मग' हे शब्द बदलले. वरच्या आळीतल्या एकदोघांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्याला वाटलं, मिटलं.

सचिवालाही तसंच वाटलं. तो टाळ्या वाजवत पुढं आला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "छान! आता सगळं कसं स्वच्छ झालं. ही फाइल यात घालून द्या. पावसाच्या आधी कंत्राटाची माणसं येणार आहेत, त्यांना हेच देतो. कुणावाचून काही अडायला नको. काकांनाही या वयात आराम मिळेल, काय काका?"

हे तो इतक्या सहज बोलला की पुष्कळांना ते चांगलंच वाटलं. वरची आळी उठून चपला शोधायला लागली. दुकानदारानं म्हाताऱ्याकडं बघून भुवया उंचावल्या. सगळं तर म्हाताऱ्यानं आपल्याच तोंडानं देऊन टाकलं होतं.

सून पडद्याकडं बघत होती. तिनं कोपऱ्यातली फुली दाबली. चौकट आली आणि तिच्यात दोन बटणं होती. केलेलं ठेवू का?

बाई वायर गुंडाळत होत्या. त्यांचा हात थांबला. आधी सेव्ह, मग श्वास हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि एक अक्षर लिहिलं तरी सेव्ह करणारी ही पोरगी आता नुसती बसली होती. मग सुनेनं डावीकडचं सोडून शेजारचं दाबलं. चौकट गेली. बाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा वायर गुंडाळायला लागल्या, जरा जास्तच मन लावून.

फाइल पेन ड्राइव्हमध्ये गेली. सचिवानं तो खिशात टाकला आणि "शाब्बास" म्हणाला.

म्हातारा चादरीपाशीच उभा होता. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, पण पुठ्ठ्यावरचे दोन गोल त्याच्या चांगले लक्षात होते.

घरी पोचल्यावर मुलानं न सांगता पिण्याचं पाणी भरून आधी बायकोपुढं धरलं. म्हातारीनं सुनेचं ताट वाढलं आणि तिच्याजवळ बसून राहिली. माफी मागायची त्या घरात रीत नव्हती, त्यामुळे एवढ्यावरच भागवावं लागलं.

सकाळी फटफटायच्या वेळी म्हाताऱ्यानं सुनेला हाक मारली. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

ती डोळे चोळत मागून निघाली. तो टाकीकडं न जाता गिरणीकडं वळला. चालता चालता म्हणाला, "ते काल राहिलं नाही ना?"

"नाही, आबा."

"म्हणजे त्याच्याकडं आधी खालचाच गेला."

"हो."

"नळ खोकतील त्यांचे."

"खोकू देत. मग बोलावतील तुम्हाला."

म्हातारा थांबला. त्याचा उतरलेला खांदा हलायला लागला आणि तिला वाटलं, हा रडतोय की काय. पण तो हसत होता.

"उगाच केलंस," तो म्हणाला. "तू ठेवलं असतंस तरी ते खोकलेच असते. एक गोष्ट मी तिथंही नाही सांगितली."

गिरणीच्या मागं एक सपाट दगड होता. त्यावर कधीकाळी कुणी कपडे धुतले असतील असं वाटावं, इतका साधा. पाइप तिथं चढाला वळत होता. म्हाताऱ्यानं दगडाकडं बघितलं, मग इकडं तिकडं कुणी आहे का ते बघितलं. जन्माची सवय अशी एका सकाळीत जात नाही. मग त्यानं खांद्यावरची चावी काढून तिच्या पुढं धरली.

"वरच्याच्याही आधी एक आहे. सांगू?"

सुनेनं चावी दोन्ही हातांनी घेतली. ती वाटली होती त्यापेक्षा फार जड निघाली आणि तिचे हात खाली गेले, पण तिनं ती सोडली नाही.

"सांगू नका, आबा," ती म्हणाली. "दाखवा."

म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दगड सरकवला.